पुढचा ब्रेक कुठल्या हाताला

फॉर्म पाठवलाय आल्प्समधल्या एका दुकानातल्या मुलानं,
ज्याच्या गावाचं नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही.
उंची. पायाची आतली लांबी. पेडल चपटं की खटक्याचं.
आणि वजन, अंगावरच्या सगळ्या सामानासकट;
सस्पेन्शनमध्ये हवा किती, ते त्यावर ठरतं म्हणे.

म्हणून आज खंडेराव मार्केटच्या मागे
नगीनभाईंच्या दुकानात, गव्हाच्या काट्यावर
मी उभी राहिले: हेल्मेट, गुडघ्यांना कवचं,
पाठीवर तीन लिटर पाणी.
दोन गिऱ्हाइकं थांबली. एकीनं फोटो काढला.
"अडुसष्ट किलो चारशे," नगीनभाई म्हणाले
आणि सवयीनं वरचे चारशे सोडून दिले.
मी फॉर्मात पुरते लिहिले.
उतारावर चारशे ग्रॅम कोण सोडतं?

सरावाला डोंगर नाही या शहरात.
पावागड आहे, पण तिथे पायऱ्या, आणि पायऱ्यांवर
अनवाणी माणसं. त्यांच्यातून चाक घालवत नाही.
उरला अकोटा-दांडियाबाजारचा पूल.
पहाटे पाचला, अकरा वेळा वर, अकरा वेळा खाली,
चढ असा, की चढलो हे बडोद्याबाहेर कुणाला सांगू नये.
खाली विश्वामित्री, तिच्यात मगरी, त्या झोपलेल्या.
चौथ्या दिवशी वॉचमननं अडवलं,
"बेन, कंई पडी गयुं छे?"
ना भाई, म्हटलं.
तरी तो बॅटरी घेऊन कठड्यालगत
बराच वेळ शोधत होता.

सत्तावीस वर्षं मी बँकेत लॉकर सांभाळले.
एक किल्ली त्यांची, एक माझी,
आत काय आहे ते विचारायचं नाही.
आता दुसऱ्याची वस्तू सहा दिवस माझ्या ताब्यात,
आणि एका दिवसाच्या भाड्यात इथे अख्खी सायकल येते,
हे धाकट्या जावेनं, मृदुलानं, दोनदा मराठीत सांगितलं,
तिसऱ्यांदा गुजरातीत.
डिपॉझिट वेगळं. पासपोर्टची प्रत वेगळी.
चांपानेर दरवाज्यापाशी इस्माईलचाचा
तासाला आठ आणे घ्यायचे
आणि डिपॉझिट म्हणून एवढंच विचारायचे, "कुणाची पोर?"
दादांचं नाव सांगितलं की सायकल हातात.
या फॉर्मात त्या नावाला रकाना नाही.

"उतारवयात हे काय काढलंस," भाऊ म्हणाला.
अरे, उतारच तर आहे सगळा, मी म्हटलं,
वर न्यायला पाळणा आहे, सायकल बाहेर आकड्याला लटकते,
घड्याळ लावतात ते फक्त उतरताना.
तो हसला नाही.
विम्यात हाड मोडणं धरलंय का, एवढं विचारलं,
आणि मग, पाळण्यात भीती नाही ना वाटत तुला?
ते मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

एक रकाना दोन दिवस कोरा होता.
पुढचा ब्रेक कुठल्या हाताला हवा?
आमच्याकडे डाव्या, मुलगा लिहितो, तुम्ही म्हणाल तसा बदलून देऊ.
चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
कुत्रं आडवं आलं, रिक्षा वळली, न्यायमंदिरापाशी म्हैस बसली,
सुरसागरच्या वळणावर श्रीनिवासची स्कूटर आली
(तेव्हा थांबायला नको होतं, पण तो विषय वेगळा),
प्रत्येक वेळी माझ्याआधी उजव्या हाताला कळलं.

रात्री अंधारात पडल्या पडल्या
डावी मूठ आवळून पाहिली. मग उजवी.
पंखा दोन्ही वेळा चालूच राहिला.

सकाळी लिहून टाकलं: उजव्या.
शेवटी एक ओळ होती,
सायकलवर आधीचे ओरखडे असतील तर ताब्यात घेतानाच दाखवा,
मागाहून तक्रार चालणार नाही.
तिच्याखाली मी जोडलं,
डाव्या गुडघ्यावर एक आहे, तीन बोटं लांब,
तो माझा आणि जुना. नोंद असावी.