दातांच्या दवाखान्याशेजारी

उज्ज्वलाला सांगितलं, दाढ दुखतेय.
अगदीच खोटं नव्हतं. शरणपूर रोडला एकाच मजल्यावर
डावीकडे डॉक्टर खैरनार, दंतवैद्य,
उजवीकडे तेजल धात्रक, समुपदेशक.
बावीस पायऱ्या.
पहिल्या गुरुवारी मी डावीकडेच जाऊन बसलो,
भिंतीवरचा जबडा बघत अर्धा तास,
आणि नाशिकरोडची बस पकडून घरी आलो.
तिनं मिठाचं पाणी कोमट करून ठेवलं होतं.
गुळण्या केल्या.

नोटप्रेसमध्ये एकतीस वर्षं मी चुका शोधतो.
पसरलेली शाई, सरकलेला नंबर,
कडेला केसाएवढी रेघ.
दिसली की खूण. खूण की बाद. बाद की तुकडे.
मला वाटलं, ही बाईही तेच करणार,
उजेडासमोर धरणार मला
आणि कोपऱ्यात लाल पेन्सिल टेकवणार.

कँटीनमध्ये बोडके सांगत होता, दुसऱ्याच कुणाबद्दल,
"आडवं पाडतात रे, डोळ्यांसमोर घड्याळ हलवतात,
माणूस बँकेचा पिनसुद्धा ओकतो.
आणि गोळ्या एकदा लागल्या की सरणावरच सुटतात.
बोलायचंच असेल तर आम्ही मेलो का?"
तसा बोडकेला मी एकदा सांगून पाहिलं होतं,
की रात्री झोप येत नाही, सारखा आकडे मोजतो.
म्हणाला, हे काहीच नाही, माझ्या मेहुण्याचं ऐक.
मेहुण्याचं ऐकलं. पाऊण तास.

तिच्याकडे आडवं व्हायला काही नव्हतंच.
दोन वेताच्या खुर्च्या, पाण्याचा तांब्या,
आणि घड्याळ होतं ते भिंतीवर, पाच मिनिटं पुढे.
माझ्या मुलीपेक्षा लहान असेल.
गोळ्या मी देत नाही, म्हणाली, लागल्याच तर डॉक्टरांकडे पाठवेन.
मग गप्प बसली.
आठशे रुपये, आणि गप्प!
मी पंख्याचे फेरे मोजायला लागलो.
"काय मोजताय?" तिनं विचारलं.

आप्पांची सलाईन.

सिव्हिल हॉस्पिटल, बेड नंबर नऊ.
सिस्टर म्हणाली होती, संपत आली की हाक मारा.
मी थेंब मोजत बसलो. शंभर झाले की बोट दुमडायचं.
चारशे अकराला माझा डोळा लागला.

आता म्हणेल, तुमची काही चूक नव्हती.
सगळे तेच म्हणाले होते, दहाव्याला, रामकुंडावर,
पाठीवर हात ठेवून, घाईत.
तिनं विचारलं,
"चारशे अकरानंतर?"

चारशे अकरानंतर सकाळ झाली.
आप्पांवर चादर ओढलेली होती.
शेजारच्या बेडवरल्या माणसाच्या सुनेनं
थर्मासमधून चहा दिला, आल्याचा.
मी प्यायलो.
चहा चांगला होता.

हे बावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं,
चहा चांगला होता हे.
तिनं कागदावर काही लिहिलं नाही.
मी बघत होतो, लिहिते का.

बाहेर पडून मिसळ खाल्ली, तर्री जास्त घालून.
घरी उज्ज्वलानं शर्टावरचा डाग पाहिला.
"दाढ उपटल्यावर मिसळ?"
मी काही बोललो नाही, तीही नाही.
पुढच्या गुरुवारी टेबलावर आठशे रुपये होते,
मिठाच्या बरणीखाली.
दातवाला किती घेतो, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

बरा झालो का, ते माहीत नाही.
झोप कधी येते, कधी नाही.
कधीकधी वैतागून उठतो तिथून,
हिला काय कळतंय म्हणत, आणि पुन्हा जातो.
पायऱ्या अजून मोजतो.
परवा चौदावीवर एक पोरगा भेटला,
गालाला रुमाल लावलेला. दवाखाना कुठाय, विचारत होता.
वर, डावीकडे, म्हटलं.
मग आकडाच आठवेना.
तेरा, की पंधरा?
खाली जाऊन पहिलीपासून सुरू करायला हवं होतं.
पाय उचललाही होता.
वरून तिच्या दाराची कडी वाजली,
आणि मी कितव्या पायरीवर होतो कोण जाणे,
तिथूनच चढलो.