समोरची टोपली

म्हापशाच्या बाजारात माझी फार्मसी,
समोर पिएदादची टोपली:
तांबडी भाजी, मुळा, मयड्याची केळी.

"व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊ का हो?"
विचारलं कुणी, की मी हनुवटीनं समोर दाखवतो.
"ती भाजी खा. पेज, बांगडा, थोडं ऊन. पुरे."
धंदा बुडवायची जुनी खोड.

काल दुपारी तीच आली,
दहाच्या नोटा मोजत.
"ती तांबडी गोळी दी, पुता. जीव थकता."
"तू? अगं, तुझ्याकडे तर—"
"तें विकपाचें."

सकाळपासून चहा, पाव, परत चहा.

पट्टी कापली, पाच दिल्या.
मग तिचीच एक जुडी विकत घेऊन
तिच्याच पिशवीत कोंबली.

ती हसली.
जुडी परत टोपलीत मांडली,
वर पाणी शिंपडलं,
आणि भाव पुकारला.