समासातली नोंद

शाळेच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी
कंपनीनं यंत्र बसवलंय. राखण माझ्याकडं.
महिन्याला दीड हजार, आणि एक वही:
तारीख, वेळ, आकडा, सही. मारोती बुरकुले.

किनवटच्या रस्त्याला, टेकडीमागं बोअर आहे,
तीन किलोमीटर खोल.
वरून गार पाणी दाबायचं, खालून वाफ घ्यायची,
वाफेवर चक्र, चक्रावर वीज.
तळणीकर मॅडमनी हे समजावताना
इमामबीच्या कुकरची शिट्टी उचलून दाखवली.
इमामबीनं ती परत घेतली, धुतली, जागेवर ठेवली.

ती लोहाऱ्याकडची. शाळेत खिचडी शिजवते.
त्र्याण्णव साली सात वर्षांची होती,
त्यापुढं सांगत नाही.
निजताना उशाशी स्टीलचे तीन पेले रचते:
एक पालथा, त्यावर सुलटा, त्यावर पालथा.
सासरी आली त्या रात्रीही रचले म्हणे.
नवरा हसला. पुढं तोच रचू लागला.

पाणी दाबायला लागले त्या पंधरवड्यात
माझ्या वहीत १.१, १.३, ०.९.
मॅडम म्हणाल्या, बैलगाडी गेली तरी इतकं हलतं.
खरंय. मधल्या सुट्टीत पोरं पळाली की
यंत्र याहून जास्त दचकतं.
पण रात्री दोनला बैलगाडी जात नाही,
आणि पेले किणकिणत होते.

"कामून ते इचारू नका," इमामबी म्हणाली,
"निस्तं लिवा."
म्हणून आकड्यांच्या बाजूला, समासात,
पेले वाजले.
पेले वाजले.
वरचा सरकला, बोटभर.

सभेत पडद्यावर तीन रंग होते.
आपण हिरव्यात आहोत, मॅडम म्हणाल्या.
मागून कुणी विचारलं,
देवळापुढच्या झऱ्याचं ऊन पाणी कोमट का झालं?
त्याला रंग नव्हता.

परवा २.६.
पेले खाली. भिंतीला केसाएवढी रेघ.
शाळेचा बल्ब मात्र लुकलुकलासुद्धा नाही,
त्याच वाफेवर जळत राहिला, शहाण्यासारखा.
मॅडम रात्रीच आल्या, केस मोकळे, पायात दोन जातीच्या चपला.
आकडे त्यांच्याकडं होतेच.
टॉर्च धरून त्यांनी समास वाचला,
पहिल्या पानापासून.
पंप बंद झाला. बल्बही.

आता नवी वही आलीय, छापील.
पाचवा रकाना: इतर.
फार अरुंद आहे. "पेले" मावतं,
"वाजले" खालच्या ओळीत जातं.

सोमवारी पंप सुरू होणार आहे, हळू, म्हणे.
इमामबीनं चौथा पेला आणलाय.