ताणा

पहाटे साडेपाच. रवीनगरचं मैदान अजून जरा गार.
भाविका निखारे पायरीवर पाय सोडून बसते.
"सर, सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं ना,
खिळाच घुसते."
मला माहीत आहे तो खिळा.

स्पिरिटनं टाच पुसतो. वाळू देतो.
घामावर पट्टी धरत नाही,
आणि नागपूरच्या मे महिन्यात
घाम कधी नसतो?

पाऊल काटकोनात. करंगळीच्या मुळापासून
टाचेला वळसा घालून अंगठ्यापर्यंत पहिली पट्टी.
मग तळव्याखालून आडव्या, बाहेरून आत,
एकीवर एक अर्धी चढवत,
कमानीला जरासं उचलून.
जरासं. सगळं त्यातच आहे.

बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
ताणा सैल तर कापड झोळ खातं,
जास्त ओढला तर तुटतो, म्हणायचा.
मी माग सोडून धावायला लागलो,
मग धावणंही सुटलं.
बोटांत तो ताण तेवढा राहिला.

नखं दाबून बघतो: पांढरी, मग गुलाबी. ठीक.
"पळू?"
"पळ. पण ही पट्टी आहे, औषध नाही—"
माझं वाक्य संपायच्या आत ती वळणावर.

पाच हजार मीटर. सातवी.

नंतर कातडी धरून हळूहळू सोलतो.
पट्टीला तिच्या टाचेचा आकार आलेला,
रिकामी वाटी.
"तीन आठवडे आराम."
ती हो म्हणते, बूट पिशवीत कोंबते,
आणि फाटकातून वळून:
"सर, उरलेला रोल नेऊ का?"

मी कात्रीही देतो.