हिरवा ठिपका

पार्नूतल्या शाळेची व्यायामशाळा, मार्चमधला शनिवार,
खिडकीबाहेर गोठलेली खाडी.
दारातल्या मुलीनं आमच्या छातीवर नावं चिकटवली:
ऊर्वे. हेल्दुर. खाली हिरवा ठिपका,
म्हणजे हे दोघं नवखे, जरा सांभाळून घ्या.

तीस वर्षं आम्ही पोल्का नाचलो, लग्नाकार्यात, ताठ कण्यानं.
इथे म्हणतात, गुडघे सैल सोडा, जमिनीकडे झुका,
जणू काही पडलंय खाली
आणि ते शोधायची घाई नाही.

दर दोन मिनिटांनी शिक्षक ओरडतो, "बदला!"
की मी पुढच्या हातात.
रीगाचा दंतवैद्य, ओले तळवे, दर चुकीला माफी.
सोळा वर्षांचा पोरगा, माझ्याकडे न बघता आकडे पुटपुटणारा.
मग एक उंच बाई, पुरुषाच्या जागी उभी,
तिनं बोटाच्या टोकानं मला फिरवलं
आणि मी फिरले, कळायच्या आत.
(घरी कुणी सांगितलं असतं तर हलले नसते.)

पलीकडे हेल्दुर.
बोटींची इंजिनं उघडणारे ते हात
कुणा परकीच्या पाठीवर,
भरली कपबशी धरावी तसे.
मला नव्हतं ठाऊक, हे हात असेही असतात.

चौदाव्या "बदला"ला तो समोर आला,
घामानं निथळत, अंगात तिसरा शर्ट.
हात पुढे केला,
सवयीनं विचारलं, "नाव काय तुमचं?"

दोघांचाही ताल चुकला.
ट्रम्पेट आमच्यावाचून पुढे गेलं.

सांगितलं मी नाव.
पूर्ण. माहेरचं.