तांबडी चिंधी

नारिनच्या वरच्या कुरणावर जूनमध्येही
डोणीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते.
एसेनकुलच्या शिंगराच्या जबड्याखाली
आधी जर्दाळूएवढी गाठ,
मग सफरचंदाएवढी.
मान ताणून उभं. पाण्यात तोंड घालतं,
पाणी नाकातून परत.

चौथ्या रात्री गाठ फुटली.
बुरुलचानं मिठाच्या कोमट पाण्यानं धुतली,
फडकी जाळली, हात राखेनं घासले,
आणि शिव्या दिल्या त्या नवऱ्याला.

मंगळवारी डॉक्टरीणबाई आली, जीपभर धूळ घेऊन.
एकेकीच्या नाकातून नळी.
सुजलेल्यांना ओलांडून ती थांबली
म्हाताऱ्या, तुकतुकीत करड्या घोडीपाशी.
"घोडं पेंड खातंय ते इथं."

गळ्याच्या आतल्या पिशवीत
वाळलेल्या पुवाचे खडे, हरभऱ्याएवढे.
किती वर्षांचे, कोण सांगणार?
ना ताप, ना खोकला.
डोणीवर पहिला मान तिचाच असायचा.

एसेनकुल टोपी काढून नुसता उभा.
मुलीच्या लग्नाला तो हिच्यावरूनच गेला होता.

बुरुलचानं वेगळी बादली काढली,
कडीला तांबडी चिंधी बांधली.
घोडीनं बादली हुंगली,
डोणीकडे एकदा पाहिलं,
आणि संध्याकाळपर्यंत
पाण्याला तोंड लावलं नाही.