वायंगणकरला, बस यायच्या आधी

आधी आवाज कमी कर, वायंगणकर.
वरच्या बंकवर बिजू झोपलाय, त्याला चारला उठायचंय.
हेडफोन माझे घे. डाव्या कानात खरखर येते,
ती खेळातली नव्हे, वायरीतली.
कुठली खरखर कशातली
हे पहिल्या रात्रीच शिकून घ्यावं.

खिडकीला चादर लाव.
रिफायनरीचा फ्लेअर पेटलेला असला की
रुवैसमध्ये अंधार असा मिळतच नाही,
आणि हा खेळ अंधाराशिवाय दिसत नाही.

इस्पितळाचं दार उघडलं की पळशील.
सगळे पळतात.
मी त्या एका जिन्यावर सतरा वेळा मेलो.
त्या पांढऱ्या नर्सला डोळे नाहीत,
नुसते कान आहेत.
वाकून चाल, भिंतीला खांदा घासत.
काच पडलेली दिसली की लांबून वळसा,
वेळ लागला तर लागू दे.

परवा रात्री तू नळ सोडून घरी बोलत होतास.
नळ सोडला तरी ऐकू येतं इथे.
मी काही म्हणत नाही.
पत्रा पातळ आहे, एवढंच.

गोळ्या सहा. सहाच.
डोक्यात मारायची हौस नको,
डोकं हलतं, तुझा हात त्याहून हलतो,
आणि भिंतीचं काही बिघडत नाही.
गुडघा धर.
पडली की सळईने दोन, आणि निघ.
मेली का ते बघायला वाकतात, तेच मरतात.
सळई तिसऱ्या डोक्यावर मोडते,
हे कुठेच लिहिलेलं नाही, मी मोजलंय.

हिरवं औषध लंगडायला लागलास की घे,
ओरखड्याला नको.
पण फार जपूही नकोस.
पहिल्या खेपेला मी आठ बाटल्या पिशवीत ठेवून मेलो,
पुढे लागतील म्हणून.
माझ्या पेटीत एक शर्ट आहे,
दोन वर्षं घडी मोडलेली नाही.
जाऊ दे.

मी काय करतो विचारत होतास ना?
फायर वॉच.
वेल्डर तोंड झाकून काम करतो,
मी त्याच्या मागे उभा, हातात नळकांडं,
ठिणगी कुठे पडते बघत.
बारा तास.
काही होत नाही.
काही होऊ नये याचाच पगार.
या खेळात माझा हात बसला तो काही उगाच नाही.

तळमजल्यावर, रक्तपेढीला लागून, काळा फोन आहे.
नाणं टाकायचं, रिसिव्हर उचलायचा,
पलीकडे कुणी बोलत नाही, वारा असल्यासारखा,
आणि तिथवरचं सगळं जमा होतं.
नाणी तीन.
मी पहिलं दारातच घालवलं,
काही झालेलं नसताना, नुसतं घाबरून.
तुझंही जाईल. जाऊ दे, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

बॉयलरखोलीतला तो मोठा मरत नाही.
त्याच्यावर एकही गोळी खर्चू नकोस.
आधी निळा व्हॉल्व्ह, मग पिवळा,
लालला हात लावायचा नाही.
वाफ सुटली की तो गोंधळतो, दार बारा सेकंद उघडं राहतं.
बारा म्हणजे सावकाश बारा.
(हा खेळ बनवणारा प्लांटात कधी पाऊल टाकलेला नाही.
असा व्हॉल्व्ह कुणी उघडला असता
तर आमच्या अय्यूबीसाहेबाने
त्याचं गेटपास तिथेच फाडलं असतं.)

पुढे छत.
छतावर काय आहे ते मला माहीत नाही.
दर वेळी मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर असतो
आणि खाली बसचा हॉर्न वाजतो.

हा बघ, वाजला.
माझा डावा बूट कुठे गेला?

दिवा राहू दे.
नको, घालव.
आणि मी येईपर्यंत जिवंत राहिलास
तर मला हाका मारत बसू नकोस,
पडदा तिथेच थांबवून ठेव.